फळी रिकामी, मग कुलूप

भोपाळ
२५ नोव्हेंबर १९५६

ती. शांताताईंना शामलाचा साष्टांग नमस्कार.

पोचल्याचं कार्ड यांनी टाकलं होतं, ते मिळालं असेल. ताई, तुम्ही म्हणाला होतात ना, राजधानी हलली की माणसं भांड्यांसारखी पोत्यात भरून नेतात, अगदी तसंच झालंय. ग्वाल्हेरचे, इंदूरचे, रीव्याचे, नागपूरकडचे असे सगळ्यांचे कारकून एकाच बराकीत कोंबलेत. आम्हाला दोन खोल्या मिळाल्या, आणि नळ चौघांत एक. नशीब म्हणायचं, कित्येकांना तेवढंही नाही.

यांना शिक्षण खात्यातच टेबल मिळालं. आपल्या ग्वाल्हेर भागाचं सगळं टपाल रोज सकाळी हेच फोडतात आणि साहेबांपुढे ठेवतात. तेव्हा तुम्हाला बालमंदिराचं काही पाठवायचं असेल तर खुशाल पाठवा, तुमची शामला इथे बसली आहे! एक सांगायचं राहिलं. चारही भागांतल्या संस्थांची नवी यादी व्हायची आहे. हे म्हणत होते, बालमंदिरांना तीस मुलांची अट घालणार. जुनी मान्यता धरणार नाहीत.

मधु रोज सकाळी उठून विचारते, "शाळेत कधी जायचं?" तिला अजून कळत नाही की आता ती शाळा दोनशे मैलांवर आहे. निघताना ती हजेरीच्या फळीवरून आपलं पोपटाचं चित्र काढून घ्यायला तयारच नव्हती, आठवतं? ताई, एवढं ऐका माझं. तिचं चित्र टाकून देऊ नका. तिला मी सांगितलंय, तुझा पोपट तिथेच आहे म्हणून.

तुमच्या हाताखाली सहा वर्षं काढली. दुसऱ्या कुणाच्या हाताखाली आता मला जमायचं नाही.

तुमची,
शामला


लष्कर, ग्वाल्हेर
९ डिसेंबर १९५६

चि. सौ. शामला हीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. सहा वर्षं माझ्या हाताखाली काढलीस आणि पत्रात एकाही मुलाची चौकशी नाही, शाबास! निरीक्षणाची वही मी तुला उगाच लिहायला लावत होते का ग?

मीच सांगते. तू गेलीस तेव्हा बत्तीस मुलं होती, आता एकवीस उरली आहेत. अकरा जणांचे बाप तुमच्या भोपाळच्या पोत्यात गेले. पाटणकर बाजाराकडून येणारी तर तीनच राहिली. तू नाहीस, त्यामुळे एकवीस मुलं, मी आणि विजयाबाई. दाल बाजाराकडच्या मुलांना विजयाबाईच रांगेने घरी पोचवतात. त्या सेविका म्हणून आल्या, पण आता मुलांच्या मागे बसून मोजायच्या पट्ट्यांवर स्वतः मोजायला शिकल्यात. परवा मला म्हणाल्या, "बाई, मला वीसपर्यंत येतं बरं का!" त्यांना इतकं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मधुचा पोपट टाकलेला नाही. टाकू तरी कशी? आपल्या दुर्गाला ठाऊक आहे ना तुला, कान्होजींची, पणतीचं चित्र असलेली? आई गेल्यापासून बोलायचीच नाही, फक्त मधुशी बोलायची. ती रोज सकाळी आपली पणती खिळ्याला लावते आणि मग टोपलीतून पोपट शोधून शेजारच्या खिळ्याला लावते. मी विचारलं तर म्हणाली, "मधु आ रही है ना. उशीर होतो तिला." घरी जाताना आपली पणती काढते आणि पोपटही काढते. चार वर्षांच्या मुलीला नाही कसं म्हणायचं? मी लावू देते.

पण तिला काढायला मात्र लावते. आपला नियम तुला पाठ आहेच. येताना मूल आपलं चित्र लावतं, जाताना काढतं, आणि फळी रिकामी झाल्याशिवाय दाराला कुलूप नाही. खिळ्यावर एक जरी चित्र उरलं तरी आत कुणीतरी आहे.

तीसचं म्हणशील तर मुलं काही मी चाकावर घडवत नाही. एकवीस आहेत, एकवीस लिहीन. मुकुंदरावांना आशीर्वाद, मधुला गोड पापा.

शांताताई


भोपाळ
२० डिसेंबर १९५६

ती. शांताताईंना सा. नमस्कार.

तुमची बोलणी खाल्ली. आता रागावू नका, कामाचं लिहिते. यांनी यादी डोळ्यांनी पाहिली. तीसच्या खाली हजेरी असली की नाव सरळ काटणार, विचारपूससुद्धा नाही. जानेवारीत अधिकारी येतील, बहुतेक आधी न कळवता. मान्यता गेली की अध्यक्ष कृष्णराव जागा काढून घेतील. गोदामासाठी ती कधीची हवी आहे त्यांना, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. मग त्या एकवीस मुलांनी जायचं कुठे? दुर्गाने कुठे जायचं?

ताई, मुलं गेली असली तरी त्यांची चित्रं आहेत ना? मग फळीवरून काढायची एवढी घाई कशाला? जूनमध्ये नवी मुलं येतीलच, तोवर राहू द्या. हे म्हणतात, अधिकारी काही मुलांना ओळखत नाही. तीस दिसले पाहिजेत, एवढंच.

तुम्हाला हे पटायचं नाही, माहीत आहे मला. पण वीस वर्षांचं काम एका आकड्यापायी जाऊ देणार?

शामला


लष्कर, ग्वाल्हेर
३० जानेवारी १९५७

चि. सौ. शामला हीस आशीर्वाद.

अधिकारी सोमवारी येऊन गेले. विश्रांतीच्या वेळेला आले. मुलं चटयांवर निजली होती, पडदे ओढलेले. मी दारातच ओठांवर बोट ठेवलं, तर ते गृहस्थ चपला काढून चवड्यांवर उभे राहिले. मग बाहेर येऊन त्यांनी फळीवरची चित्रं मोजली. बत्तीस. "बच्चे खुद हाज़िरी लगाते हैं? वाह! ऐसा तो हमने कहीं नहीं देखा," असं म्हणत ते उभेच राहिले. माझ्या कामाचं इतकं कौतुक या वीस वर्षांत कुणी केलं नव्हतं. आणि ते ऐकताना मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

हजेरीपटावर बत्तीस लिहिलं. सही केली. झालं तुझ्या मनासारखं.

ते पुन्हा कधीही येतील म्हणून गेले आहेत, म्हणून चित्रं आता फळीवरच ठेवली आहेत. आधी वाटलं, दुपारी काढावी आणि सकाळी मुलं यायच्या आत लावावी. पण पहिल्याच दिवशी एका पोराने पाहिलं आणि विचारलं, "बाई, तुम्ही कुणाचं लावता?" मुलांच्या देखत खोटं करायची लाज वाटते ग, शामला. म्हणून अकराच्या अकरा तशीच टांगून ठेवली. दुर्गाला आता लावायला काही उरलं नाही. नुसती पोपटाला हात लावून आत जाते.

विजयाबाई पहिल्या दिवशी कुलूप हातात घेऊन उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "फळीवर अकरा आहेत अजून." मी म्हटलं, "ती तशीच राहणार आता. लावा कुलूप." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कुलूप लावलं.

जूनपर्यंतच. मग सगळं पहिल्यासारखं.

शांताताई


भोपाळ
१६ मार्च १९५७

ती. शांताताई,

पेढे वाटा! मान्यतेच्या यादीत आपल्या बालमंदिराचं नाव आलं. यांनी मला ऑफिसातून चपराशाहाती चिठ्ठी पाठवली, इतका आनंद. आता कृष्णरावांना म्हणावं, गोदाम दुसरीकडे शोधा.

मधु विचारते, दुर्गा माझा पोपट लावते का? मी सांगितलं, रोज लावते. तिने दुर्गासाठी एक चित्र काढलंय. शेपटी आहे म्हणून पोपट म्हणायचं. सोबत पाठवते आहे.

शामला


लष्कर, ग्वाल्हेर
१२ मे १९५७

चि. शामला,

तुझी दोन पत्रं आली. उत्तर दिलं नाही.

दुर्गा गेली. एकोणतीस एप्रिलला. शाळा सकाळची होती, अकराला सुटली. ती चटया ठेवायच्या खोलीत गुंडाळ्यांच्या मागे झोपली होती. दाराला कुलूप लागलं. त्या खोलीला वर एक झरोका आहे, दुसरं काही नाही. बाहेर उन्हाची लू चालली होती. दुपारी तिला सांभाळणाऱ्या शेजारणीला वाटलं, आज बाप येऊन घेऊन गेला असेल. कान्होजी मिलमधून चारला सुटले, मग शोधाशोध झाली. साडेपाचला दार उघडलं.

कुलूप विजयाबाईंनी लावलं होतं. चौकशी बसली आहे. मी जबाब दिला.

मधुला सांगू नकोस.

शांताताई


भोपाळ
२० मे १९५७

ती. शांताताई,

काय लिहू? पत्र वाचलं आणि मधुला जवळ घेऊन बसले ती उठलेच नाही. ती विचारत होती, आई का रडतेस? पायात काटा गेला म्हणून सांगितलं.

त्या विजयाबाईला काय म्हणावं? एवढं एक काम, दार लावायच्या आधी आत बघायचं! तुमच्या वीस वर्षांच्या कामाला एका बाईने काळं फासलं. तुम्ही स्वतःला लावून घेऊ नका, ताई. तुम्ही मुलांसाठी काय केलंत ते आम्हाला ठाऊक आहे.

आणखी एक. चौकशीचे कागद यांच्याच टेबलावरून जातात. हे म्हणाले, घरातली पत्रं बितरं कुणाच्या हाती लागायला नकोत. तुमच्या पत्रांत त्या चित्रांचं लिहिलेलं होतं. म्हणून काल मी तुमची सगळी पत्रं चुलीत घातली. डिसेंबरचंही आणि जानेवारीचंही. रडत रडत घातली, पण घातली. आता कुणी तुमच्याकडे बोट दाखवू शकणार नाही. निश्चिंत राहा.

तुमची लेकच,
शामला


लष्कर, ग्वाल्हेर
३० जून १९५७

चि. शामला,

मी तुझ्याकडे तीच पत्रं मागणार होते.

रागावले नाही. तू मला वाचवायला जाळलीस, आणि थोडं स्वतःच्या घरालाही. तुझ्या जागी मीही तेच केलं असतं, कदाचित. पण आता नीट वाच, कारण मी तुला बारा मेला जे लिहिलं त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि तरी ते खोटं होतं.

त्या दिवशी अकराला मी टेबलाशी वार्षिक अहवाल लिहीत होते. तोच तो, यादीत नाव आल्यानंतर मागवलेला. 'बालकांची स्वयंहजेरी' या मथळ्याखाली लिहीत होते. देवाशपथ. विजयाबाई रांग घेऊन निघायच्या बेतात, कुलूप हातात. दारातून म्हणाल्या, "बाई, आज बारा आहेत. रोज अकरा असतात." मी मान वर केली नाही. म्हटलं, "विजयाबाई, मोजत काय बसलात, मुलं उन्हात उभी आहेत. लावा कुलूप."

बाराही चित्रं समोर होती. पोपटाच्या शेजारी पणती होती. मी नुसती मान वर केली असती तरी पुरे होतं.

जी बाई माझ्या मुलांच्या मागे बसून मोजायला शिकली तिने बरोबर मोजलं, शामला, आणि मी तिला गप्प केलं.

पहिल्या जबाबात मी एवढंच म्हटलं, की कुलूप विजयाबाईंनी लावलं. कृष्णराव शेजारी बसले होते. त्यांनी त्याच संध्याकाळी फळी आणि चित्रं आपल्या मोटारीत घालून नेली, जपून ठेवतो म्हणाले. आता विचारलं तर म्हणतात, कसली फळी? आठ दिवसांनी मी स्वतः अधिकाऱ्यांकडे जाऊन सगळं सांगितलं. कृष्णरावांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय, मुलीचा फार लळा होता. हजेरीपटावर बत्तीस आहेत, खाली माझी सही आहे, पाहणी अहवालातही बत्तीस आहेत. माझंच खोटं आता माझ्यापेक्षा खरं ठरलं आहे.

कान्होजी परवा आले होते. पाच मिनिटं ओसरीवर उभे राहिले. मला वाटलं शिव्या देतील. म्हणाले, "बाई, ती दार वाजवत असेल का?" दारावर आतून खाली, तिच्या हाताच्या उंचीवर, काय आहे ते मी पाहिलंय. ते मी त्यांना सांगितलं नाही आणि तुलाही लिहिणार नाही.

माझी पत्रं जळली. तुझी माझ्याकडे आहेत. वीस डिसेंबरचं, 'तीस दिसले पाहिजेत' असं लिहिलेलं. ते दाखवलं तर फळीची गोष्ट माझ्या डोक्यातून निघालेली नाही एवढं तरी सिद्ध होईल. पण त्यात मुकुंदरावांचा उल्लेख येतो, त्यांनी यादीतलं घरी सांगितल्याचं येतं. त्यांची नोकरी जाऊ शकते. तुला न विचारता मी ते बाहेर काढणार नाही.

शेवटची सुनावणी वीस जुलैला आहे. विजयाबाईंना कामावरून काढून वर पोलिसांत केस करायची असं ठरतं आहे. पंचावन्न वर्षांच्या आहेत त्या. मागे कुणी नाही. दोन शब्द लिहून पाठव, हो किंवा नाही.

शांताताई


भोपाळ
२३ जुलै १९५७

ती. शांताताईंना सा. नमस्कार.

तुमचं पत्र चार तारखेलाच मिळालं. उत्तराला उशीर झाला, क्षमा असावी. मध्यंतरी मधुला गोवर निघाला होता, घरात पाण्याचे हाल, त्यात यांची आई आली. मधुचं नाव इथल्या शाळेत घातलं. तिथे बाई नाव पुकारतात, चित्रं नाहीत. दोन दिवस रडली, आता जाते.

ताई, मी उत्तर चार वेळा लिहिलं. हे म्हणाले, थोडं थांब. मी थांबले. असं व्हायला नको होतं, पण झालं.

माझी हरकत नाही. पत्र दाखवा.

शामला


लष्कर, ग्वाल्हेर
३० जुलै १९५७

चि. शामला,

तुझी परवानगी तीन दिवस उशिरा लिहिलेली मिळाली. तारीख तू स्वतःच घातली आहेस, त्यामुळे मी त्यावर जास्त काही लिहीत नाही.

सुनावणी वीस मिनिटांत संपली. विजयाबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी बाईंना सांगितलं होतं, साहेब. बारा होते." अधिकारी म्हणाले, "तुम गिनती जानती हो?" त्यांनी टेबलावर पेन्सिली टाकल्या, मोजून दाखव म्हणाले. समोर पाच पुरुष. विजयाबाईंनी सातपर्यंत मोजलं आणि मग जीभ अडकली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा सातावर थांबल्या. एक जण हसला. मी उठून ओरडले, "हिला वीसपर्यंत येतं! मी ऐकलंय!" कृष्णरावांनी माझा दंड धरून मला खाली बसवलं. म्हणाले, "ताई, बस करा आता."

बाहेर आल्यावर मी विजयाबाईंचे पाय धरायला वाकले. त्यांनी पाय मागे घेतले. म्हणाल्या, "बाई, आत बघायचं माझंच काम होतं की हो. तुम्ही लावा म्हणालात, मी लावलं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तशाच चालत गेल्या.

निकाल विजयाबाईंच्या विरुद्ध झाला आहे, पण साहेबांची सही व्हायची आहे. कागद भोपाळला निघालेत. म्हणजे मुकुंदरावांच्या टेबलावर.

बालमंदिर एक तारखेला बंद होतं आहे. जागेत पोती यायला लागली आहेत. आपण एवढं सगळं केलं ते हे वाचवायला, आठवतं ना?

तुझं वीस डिसेंबरचं पत्र, परवानगीसाठी थांबले म्हणून वीस जुलैला ते दाखवलं नाही हे सांगणारं माझं निवेदन आणि त्या दिवशी विजयाबाई काय बोलल्या आणि मी काय बोलले, ते शब्दाला शब्द लिहून एका लिफाफ्यात घातलं आहे. आज रजिस्टर पोस्टाने पाठवते. तुला नव्हे. खात्याला, साहेबांच्या नावे.

ग्वाल्हेरचं टपाल रोज सकाळी तेच फोडतात, असं तूच मोठ्या कौतुकाने लिहिलं होतंस. तेव्हा त्यांना सांगून ठेव, येतंय म्हणून. ते साहेबांपुढे ठेवायचं की चुलीत घालायचं, हे आता तुम्हा दोघांच्या घरात ठरेल. मी पोच मागवली आहे. त्यावर सही त्यांचीच असेल.

लिफाफ्यात पुठ्ठ्याचं एक चित्र आहे. त्या संध्याकाळी कृष्णराव फळी न्यायला येण्याआधी मी ते खिळ्यावरून काढलं होतं. पणतीचं आहे. कोपरा दातांनी चावलेला आहे, तिला सवय होती.

ते तेवढं जाळू नका.

शांताताई